फेलिक्स ब्लॉख : अणुकेंद्राचा कानोसा घेणारा शास्त्रज्ञ

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात अल्कोहोलच्या एन. एम. आर. वर्णपटाचे एक चित्र हटकून असते. एका आडव्या रेषेवर तीन ठिकाणी उंचवटे आलेले असतात. विद्यार्थी ते चित्र पाठ करतात, परीक्षेत काढतात आणि निकाल लागला की विसरून जातात. भौतिकशास्त्राच्या वर्गात धातूंतील इलेक्ट्रॉनांचा विषय निघाला की ब्लॉख हे नाव येते. तेही असेच पाठ होते. ज्याच्या प्रयोगशाळेत ते तीन उंचवटे प्रथम उमटले तो माणूस आणि धातूंचे कोडे सोडवणारा हा ब्लॉख एकच, हे मी वर्गात सांगितले की मुलांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसते. गेली अनेक वर्षे मी रसायनशास्त्र शिकवीत आहे. हा माणूस दोन विषयांच्या मध्ये हरवून गेला आहे असे मला नेहमी वाटत आले. म्हणून हा लेखप्रपंच.

फेलिक्स ब्लॉख यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे २३ ऑक्टोबर १९०५ रोजी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील धान्याचे घाऊक व्यापारी होते. मुलगा गणितात हुशार, पियानोही वाजवी. शिकून इंजिनिअर व्हावे या हेतूने १९२४ साली त्यांनी झुरिचच्या प्रख्यात तंत्रविद्यापीठात नाव घातले. आपल्याकडे आजही हुशार मुलाने इंजिनिअर व्हावे असेच घरच्यांना वाटते. तिकडे शंभर वर्षांपूर्वी फारसे वेगळे नव्हते असे दिसते. पण वर्षभरातच त्यांचा ओढा भौतिकशास्त्राकडे वळला. ज्या विषयात त्या काळी पोट भरण्याची शाश्वती नव्हती, तो विषय त्यांनी आपलासा केला.

काळ मात्र मोठा भाग्याचा होता. झुरिचमध्ये डेबाय शिकवीत होते आणि श्रोडिंगरही तेथेच होते. श्रोडिंगर यांनी आपले तरंगसमीकरण ज्या चर्चासभेत मांडले, तेथे श्रोत्यांमध्ये हा विशीतला विद्यार्थी बसला होता. पुढे डेबाय यांच्या सल्ल्यावरून ब्लॉख जर्मनीत लायप्झिगला गेले आणि हायझेनबर्ग यांचे पहिले डॉक्टरेटचे विद्यार्थी झाले. धातूच्या तारेत अणूंची एवढी दाटी असते. मग त्या दाटीतून इलेक्ट्रॉन अडखळल्याशिवाय इतके दूर जातात कसे, हा प्रश्न त्यांनी घेतला. अणूंची मांडणी नियमित असेल तर इलेक्ट्रॉनाची लहर त्या मांडणीशी जुळवून घेते आणि सुखेनैव पुढे सरकते. मांडणीतील बिघाड आणि अणूंची थरथर यांमुळेच तिला अडथळा होतो, असे त्यांनी गणिताने दाखवून दिले. हा प्रबंध १९२८ सालचा. आजच्या ट्रान्झिस्टरपासून संगणकाच्या चिपपर्यंतचे सारे शास्त्र ज्या पायावर उभे आहे, त्यात या प्रबंधाचा दगड आहे. तेव्हा ब्लॉख यांनी वयाची तेवीस वर्षेही पुरी केली नव्हती.

त्यानंतरची काही वर्षे ते झुरिचला पाउली, उट्रेख्टला क्रामर्स, कोपनहेगनला बोर अशा गुरुजनांच्या सहवासात वावरले आणि पुन्हा लायप्झिगला येऊन शिकवू लागले. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ब्लॉख यांनी त्याच वर्षी जर्मनी सोडली. ज्या विद्यापीठात नाव मिळाले, जिथे मित्र आणि गुरू होते, ते गाव अठ्ठाविसाव्या वर्षी मागे टाकून ते निघाले. काही काळ रोममध्ये फर्मी यांच्याकडे काम केले. कागदावरचे गणित आणि हातातले उपकरण यांच्यात फर्मींना भेद वाटत नसे, आणि त्यांच्या सहवासाचा ठसा ब्लॉख यांच्यावर कायमचा उमटला. १९३४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावले. आज स्टॅनफर्डचे नाव दुमदुमते आहे. त्या वेळी मात्र सैद्धांतिक भौतिकशास्त्रात तेथे बोलायला माणूस मिळणे कठीण होते. जवळच्या बर्कलेमध्ये ओपेनहायमर होते. दोघे मिळून एकत्र चर्चासभा चालवीत. परका देश, परकी भाषा आणि शून्यापासून सुरुवात. आपल्या सीमाभागातील विद्यार्थ्याला घरी एक भाषा, बाजारात दुसरी आणि पुस्तकात तिसरी भाषा असते. त्याला या माणसाची ओढाताण सहज समजेल.

येथून ब्लॉख यांच्या आयुष्याला दुसरे वळण लागते, आणि ते नीट कळावे म्हणून थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. अणूच्या मध्यभागी असलेले अणुकेंद्र पुष्कळदा एका चिमुकल्या चुंबकासारखे वागते. हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे प्रोटॉन. त्याची उपमा फिरत्या भोवऱ्याची. भोवरा थोडा कलला की त्याचा आस स्वतःभोवती घिरट्या घालू लागतो. त्याचप्रमाणे चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला प्रोटॉन ठराविक वेगाने घिरट्या घालतो. क्षेत्र दुप्पट केले की घिरट्यांचा वेगही दुप्पट. या वेगाशी तंतोतंत जुळणारी रेडिओलहर बाहेरून दिली की प्रोटॉन तिला प्रतिसाद देतो. थोडी कमीअधिक दिली तर ढिम्म हलत नाही. जुळवलेल्या तंबोऱ्याजवळ नेमका स्वर लावला की तार आपोआप बोलू लागते, बेसूर लावला तर गप्प राहते. तोच हा प्रकार. याला अनुस्पंदन म्हणतात.

न्यूट्रॉनावर विद्युतभार नसतो, तरी तोही चुंबकासारखा वागतो. त्याची चुंबकीय ताकद नेमकी किती, हे ब्लॉख यांना मोजायचे होते. १९३९ मध्ये बर्कलेच्या सायक्लोट्रॉनवर अल्व्हारेझ यांच्यासह त्यांनी ती शेकडा एक इतक्या अचूकतेने मोजली. न्यूयॉर्कच्या राबी यांनी निर्वातातून वाहणाऱ्या रेणूंच्या झोतावर अनुस्पंदन दाखवून दिले होतेच. ब्लॉख यांना मात्र एका गोष्टीची रुखरुख लागली. आकडा अधिक अचूक हवा तर चुंबकीय क्षेत्र अधिक अचूक मोजता आले पाहिजे, आणि ते मोजायला चांगले साधन नव्हते. प्रोटॉनाच्या घिरट्याच मोजता आल्या तर त्याच मोजपट्टी होतील, हा विचार त्यांच्या मनात रुजला.

मध्येच महायुद्ध आले. ब्लॉख काही महिने लॉस अलामॉस येथे अणुबाँबच्या कामावर होते. तेथून लवकरच बाहेर पडून ते हार्वर्ड येथील रेडिओ संशोधन प्रयोगशाळेत गेले. शत्रूच्या रडारला चकवण्याचे मार्ग शोधणे हे तेथील काम. क्षीण रेडिओसंकेत कसा पकडावा, कसा वाढवावा, गोंगाटातून कसा वेगळा काढावा, हे या सिद्धांतवाल्या माणसाने तेथे जवळून पाहिले. युद्ध संपताच १९४५ मध्ये ते स्टॅनफर्डला परतले आणि मनात घोळणाऱ्या प्रयोगाला लागले. रेडिओतंत्रातील निष्णात विल्यम हॅन्सेन आणि तरुण विद्यार्थी मार्टिन पॅकार्ड हे त्यांचे सोबती होते.

प्रयोगाचे साहित्य ऐकून कोणालाही नवल वाटेल. एक चुंबक, तारेची दोन वेटोळी आणि काचेच्या छोट्या फुग्यात साधे पाणी. पाण्यात हायड्रोजन, हायड्रोजनात प्रोटॉन. अडचण वेगळीच होती. चुंबकात ठेवल्यावर सगळे प्रोटॉन एका दिशेने उभे राहतात असे नाही. उष्णतेच्या धक्काबुक्कीमुळे जवळजवळ निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे असतात. त्यांनी वापरलेल्या क्षेत्रात दहा लाखांमागे जेमतेम एखाद्या प्रोटॉनाचा फरक पडतो, आणि त्या एकाचा आवाज ऐकायचा. शिवाय हा फरक पडायलाही वेळ लागतो, आणि तो वेळ सेकंदांत मोजायचा की तासांत, हे कोणालाच ठाऊक नव्हते. हॉलंडचे गॉर्टर यांनी याआधी असेच प्रयत्न केले होते आणि त्यांच्या हाती काही लागले नव्हते. ब्लॉख यांनी पाण्यात लोहाचा एक क्षार, फेरिक नायट्रेट, विरघळवला. त्यातील लोहाच्या चुंबकत्वामुळे प्रोटॉन लवकर स्थिरावतात. जानेवारी १९४६ मध्ये पडद्यावर ती खूण उमटली. सेकंदाला सुमारे सत्त्याहत्तर लाख घिरट्या घालणाऱ्या प्रोटॉनांनी तारेच्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण केला होता.

गंमत अशी की, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला हार्वर्ड विद्यापीठात एडवर्ड पर्सेल, टॉरे आणि पाउंड यांनी काही आठवडे आधी, डिसेंबर १९४५ मध्ये, पॅराफिन मेणातील प्रोटॉनांवर हीच गोष्ट वेगळ्या रीतीने साधली होती. दोन्ही गटांना एकमेकांची वार्ता नव्हती. एकाने रेडिओलहरीतील ऊर्जा किती शोषली गेली ते मोजले, दुसऱ्याने प्रोटॉनांनी उलट पाठवलेला संकेत पकडला. दोघांची भाषा इतकी भिन्न होती की दोन्ही एकच आहेत हे पटायलाही काही काळ गेला. पहिला कोण यावरून शास्त्रज्ञांत हातघाईवर येण्याची उदाहरणे थोडी नाहीत. येथे तसे झाले नाही. १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ब्लॉख आणि पर्सेल यांना विभागून मिळाले. हॅन्सेन मात्र ते पाहायला राहिले नव्हते. १९४९ मध्येच, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले होते.

१९४६ मध्येच ब्लॉख यांनी प्रोटॉनसमूहाच्या वागणुकीची समीकरणे मांडली. त्यांत दोन कालावधी येतात. प्रोटॉन चुंबकाच्या दिशेने पुन्हा स्थिरावायला लागणारा तो टी-वन. त्यांच्या घिरट्यांचा ताल विस्कटायला लागणारा तो टी-टू. ही अक्षरे वाचकांनी कुठेतरी पाहिली असतील. घरातील कोणाचा एम. आर. आय. काढला असेल तर अहवालात ती असतातच.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे वळतो. ब्लॉख यांना हवा होता तो अचूक आकडा: प्रत्येक मूलद्रव्याच्या अणुकेंद्राची चुंबकीय ताकद किती, हे काटेकोर सांगणारे कोष्टक. त्यांच्या प्रयोगशाळेत प्रॉक्टर आणि यू हे दोघे नायट्रोजनाची ताकद मोजत होते. त्यांनी अमोनियम नायट्रेट घेतले. पाण्यात ते भरपूर विरघळते आणि त्यात नायट्रोजनही भरपूर. अपेक्षा एका रेषेची होती. आल्या दोन! नायट्रोजन तर एकच, मग ताकद दोन प्रकारची कशी? अमोनियम नायट्रेटच्या सूत्रात नायट्रोजनाचे दोन अणू आहेत. एकाच्या भोवती हायड्रोजन, दुसऱ्याच्या भोवती ऑक्सिजन. भोवतालच्या इलेक्ट्रॉनांनी बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला कमीअधिक आडोसा दिला होता, म्हणून दोघांच्या घिरट्यांत फरक पडला. १९५० साली हे प्रसिद्ध झाले. दुसरीकडे डिकिन्सन यांनाही फ्लुओरीनच्या संयुगांत असेच आढळले.

भौतिकशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही कटकटच होती. अणुकेंद्राची ताकद मोजायची, तर तो अणू कोणत्या संयुगात बसला आहे यावर उत्तर बदलू लागले. कोष्टकातील आकड्यांच्या शेवटच्या स्थानांवरचा विश्वास डळमळला. पण रसायनशास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहा. अणू रेणूत कोठे बसला आहे, त्याचे शेजारी कोण, हे अणू आता स्वतःच सांगू लागला होता! आज आपण ज्याला केमिकल शिफ्ट म्हणतो ते हेच.

पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, त्याच प्रयोगशाळेतील अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या इथिल अल्कोहोलाचा वर्णपट प्रसिद्ध केला. तीन उंचवटे, आणि त्यांची क्षेत्रफळे तीन, दोन, एक या प्रमाणात. मिथिल गटातील तीन हायड्रोजन, शेजारच्या गटातील दोन आणि ऑक्सिजनला लागलेला एक. रसायनशास्त्राने पिढ्यान्‌पिढ्या तर्काने बांधलेले रेणूचे सूत्र यंत्राने रेषेत काढून दाखवले. पाठ्यपुस्तकातील ते चित्र या प्रयोगातून आले आहे. या तिघांतील एस. एस. धर्मट्टी हे भारतीय. हे नाव आपल्या भागातील वाचकाच्या कानाला परके वाटणार नाही. स्टॅनफर्डहून परतल्यावर त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे काम उभे केले. आपल्या देशातील एन. एम. आर. संशोधनाचा एक मोठा प्रवाह तेथून निघाला.

ब्लॉख स्वतः रसायनाच्या मार्गाला लागले नाहीत. पण विद्यार्थ्यांना मिळालेली ती नको असलेली रेष त्यांच्या प्रयोगशाळेत खोडून टाकली गेली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. उलट ती अधिक स्पष्ट दिसावी म्हणून त्यांनी मदतच केली. केमिकल शिफ्टचा फरक अतिशय सूक्ष्म, दहा लाखांत काही भाग एवढाच. चुंबकाचे क्षेत्र सर्वत्र सारखे नसेल तर रेषा पसरट होतात आणि सारे एकमेकांत मिसळते. नमुनाच गरगर फिरवला तर क्षेत्रातील कमीजास्तपणाची सरासरी होऊन रेषा बारीक होतील, ही सूचना ब्लॉख यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली आणि अँडरसन व अर्नोल्ड या त्यांच्या शिष्यांनी ती करून दाखवली. एन. एम. आर. यंत्रात काचेची बारीक नळी फिरत ठेवण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली.

या शोधाचा व्यवहारही सांगितला पाहिजे. रसेल व्हेरियन या परिचितांच्या आग्रहावरून ब्लॉख आणि हॅन्सेन यांच्या नावे १९४६ च्या अखेरीस पेटंटचा अर्ज गेला. तो १९५१ मध्ये मंजूर झाला. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या व्हेरियन कंपनीने १९५२ पासून ही यंत्रे विकायला आणली. १९५४ मध्ये युरोपातील राष्ट्रांनी मिळून जिनिव्हाजवळ सर्न ही संस्था उभारली, तेव्हा तिचे पहिले महासंचालक म्हणून ब्लॉख यांना बोलावण्यात आले. ज्या खंडातून त्यांना निघावे लागले होते त्या खंडाने केलेला हा सन्मान होता. पण कागदपत्रे आणि बैठका यांत त्यांचे मन रमले नाही. जेमतेम वर्षभर ते पद सांभाळून १९५५ मध्ये ते आपल्या विद्यार्थ्यांत आणि प्रयोगांत परत गेले. मोठी खुर्ची आपण होऊन सोडणारी माणसे विरळाच. १९७१ मध्ये ते निवृत्त झाले आणि १० सप्टेंबर १९८३ रोजी, ज्या गावी जन्मले त्याच झुरिचमध्ये, त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या हयातीतच या विद्येने रूप पालटायला सुरुवात केली होती. व्हेरियन कंपनीत काम करणाऱ्या रिचर्ड अर्न्स्ट या स्विस तरुणाने ब्लॉख यांचेच शिष्य अँडरसन यांच्यासह १९६६ मध्ये एक युक्ती काढली. एकेक कंपन क्रमाने तपासण्याऐवजी एकच जोरदार रेडिओठोका द्यावा, सगळ्या अणुकेंद्रांचा एकत्रित नाद टिपावा आणि मग संगणकाने त्यातील स्वर वेगळे करावेत. देवळातील घंटेवर एकच टोला द्यावा आणि तिच्या नादातले सर्व स्वर ओळखावेत, तसे. तासांचे काम सेकंदांवर आले. पुढे एकाच दिशेच्या वर्णपटाऐवजी दोन दिशांत पसरणारा वर्णपट आला, आणि कोणत्या अणूचा शेजारी कोण हे नकाशासारखे वाचता येऊ लागले. कुर्ट व्यूथ्रिच यांनी याच मार्गाने पाण्यात विरघळलेल्या प्रथिनांची रचना उलगडली. या कामाच्या आरंभी, १९८० च्या सुमारास, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अनिल कुमार यांचा त्यात महत्त्वाचा वाटा होता. अर्न्स्ट यांना १९९१ मध्ये आणि व्यूथ्रिच यांना २००२ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दोघेही झुरिचच्या त्याच तंत्रविद्यापीठात प्राध्यापक होते, जेथे १९२४ साली ब्लॉख इंजिनिअर व्हायला आले होते.

१९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र या पद्धतीने काढून दाखवले, आणि मॅन्सफील्ड व इतरांच्या प्रयत्नांनी त्यातून एम. आर. आय. घडले. शरीरात पाणी पुष्कळ. त्या पाण्यातील प्रोटॉनांचे टी-वन आणि टी-टू निरोगी व रोगट भागांत वेगळे असतात, म्हणून गाठ किंवा सूज डॉक्टरांना दिसते. चित्र स्पष्ट यावे म्हणून शिरेतून गॅडोलिनियमचे जे औषध देतात, ते ब्लॉख यांच्या पाण्यातील फेरिक नायट्रेटचेच काम करते. २०२० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे बसवलेल्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र ब्लॉख यांच्या पहिल्या चुंबकापेक्षा दीडशे पटींहून अधिक आहे. पण त्यातही प्रोटॉन त्याच समीकरणांनुसार घिरट्या घालतात.

मित्रहो, प्रात्यक्षिकाच्या वहीत अपेक्षित आकडा यावा म्हणून नको असलेली नोंद गाळण्याचा मोह आपल्या सर्वांना होतो. मी शिक्षक या नात्याने दरवर्षी अशा स्वच्छ वह्या तपासतो. त्यांत सगळे आकडे पुस्तकासारखे असतात, आणि म्हणूनच त्यांतून काही निघत नाही. स्टॅनफर्डच्या त्या दोन तरुणांनी दुसरी रेष यंत्राचा दोष म्हणून सोडून दिली असती, तर कोष्टकातील एक आकडा वेळेवर भरला गेला असता, इतकेच. त्यांनी ती ठेवली, तिला कारण विचारले, आणि त्यांच्या गुरूने त्यांना विचारू दिले. पुढच्या वेळी वहीत एखादा आकडा हट्टाने चुकीचा येऊ लागला, तर खोडरबर उचलण्यापूर्वी तो प्रयोग आणखी दोनदा करून पाहा आणि मग मला येऊन दाखवा. त्या नोंदीचे गुण मी कापणार नाही.